खोटा ‘दोन’

दिसत नाही, हाताला लागत नाही, अशा वायूनं पोटातली कळ कशी थांबणार? दवाखान्याच्या खाटेवर पोट धरून पडल्यापडल्या मला हेच कोडं पडलं होतं. माझा मुतखडा सरकत होता आणि समोर आबा उभे होते. आबा म्हणजे माझे आजोबा, डॉक्टर आणि संशोधक.

“शाल्मली, हा नायट्रस ऑक्साइड (हसवणारा वायू),” ते म्हणाले. “श्वासातून रक्तात, रक्तातून मेंदूत जातो. शरीराकडे स्वतःची वेदनाशामकं (दुखणं कमी करणारी द्रव्यं) असतात, त्यांना तो जागं करतो. मग पोटाकडून आलेला दुखण्याचा निरोप वाटेतच मंदावतो. खडा मात्र जागच्या जागीच. मास्क काढला की थोड्याच वेळात वायूही निघून जातो. पोटदुखीवर तो किती चालतो, ते आम्ही मोजतोय.”

नोंद्या नावाच्या यंत्रमानवानं मला मास्क लावला. टाक्या दोन होत्या. एकीत हा वायू प्राणवायूत मिसळलेला, दुसरीत नुसता प्राणवायू. कोणाला कोणती, हे आबांनाही ठाऊक नव्हतं, फक्त नोंद्याला.

वीस मिनिटांनी त्यानं विचारलं, “शून्य ते दहा. किती दुखतंय?”

आठ दुखत होतं. पण दारात आबा होते, सहा वर्षं या प्रयोगामागे लागलेले. त्यात आमच्या घरची रीत अशी, की थोरांनी विचारलं तर तापानं फणफणत असलो तरी ‘बरं आहे’ म्हणायचं.

“दोन,” मी म्हणाले.

आबांचा चेहरा खुलला. शेजारच्या खाटेवर एक चिमुरडी कळवळत होती. तिची आई म्हणाली, “डॉक्टर, माझ्या लेकीलाही या ताईचंच औषध द्या.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती बाई माझ्या खोट्यावर विश्वास ठेवून बसली होती.

“आबा, मी खोटं बोलले. आठ आहे.”

 आबांनी मला प्रयोगातून वगळलं आणि नोंद्याला माझ्या टाकीची नोंद उघडायला सांगितली.

“नुसता प्राणवायू,” नोंद्या म्हणाला.

“बघ,” आबा हळूच म्हणाले, “तुझ्यासारखे खोटे ‘दोन’ जमत गेले असते, तर नुसता प्राणवायूही औषधाइतकाच गुणकारी ठरला असता. खरं औषध मागे पडलं असतं आणि अशा पोरी रडतच राहिल्या असत्या.” त्यांनी मान खाली घातली. “चूक माझीही आहे. आकडा विचारताना मी दारात उभं राहायला नको होतं. उद्यापासून घरचं माणूस बाहेर थांबेल.”

मग मला खरा वायू मिळाला. त्याची चव किंचित गोड होती. थोड्या वेळानं आबांनी खोलीबाहेर जाऊन दार लावून घेतलं.

“आता कसं?” नोंद्यानं विचारलं.

“बरं—” जीभ सवयीनं वळलीच होती. मी थांबले, पोटावर हात ठेवला आणि खरंच किती दुखतंय ते नीट पाहिलं.

“चार,” मी म्हणाले.