उतारावर थांबायचं कसं?

सपाट जमिनीवर तळवे घट्ट टेकले की माणूस जागचा हलत नाही. मग बर्फाच्या उतारावर तेच केलं की तो सुसाट का निघतो? त्या दुपारी माझ्या नातीला, ओवीला, हे कोडं काही केल्या सुटत नव्हतं. आणि हातात होते जेमतेम दोन तास.

गोष्ट २०७४ सालची. हिमालयातल्या हिमनदी-संशोधन केंद्रात मी भौतिकशास्त्रज्ञ होतो, म्हणजे यंत्रं आधी बिघडवायचो आणि मग दुरुस्त केल्याचं श्रेय घ्यायचो. ओवीची आई खालच्या तळावर होती. चार वाजता तिचं विमान दक्षिण ध्रुवाकडे निघणार होतं, आणि ती परतणार होती चौदा महिन्यांनी; तोवर ओवी माझ्याकडे राहणार होती. त्यात वाऱ्यामुळे तळावर नेणारी दोरावरची पाळणागाडी बंद पडली. खाली जायची एकच वाट उरली होती, स्नोबोर्डवरून (दोन्ही पाय बांधून बर्फावर घसरत जायची फळी).

"रोज पडद्यावर दिसेलच की आई," मी म्हणालो.

"पडद्याला मिठी मारता येते का, आबा?"

मी तिची फळी उचलली आणि तिला खालच्या वाटेच्या फाटकाकडे घेऊन गेलो.

फाटकावर रक्षक-सात नावाचा रोबो उभा होता. ओवी त्याला खडूस म्हणायची. "आधी सरावाच्या उतारावर, लाल निशाणापाशी सलग तीनदा थांबून दाखव," तो म्हणाला. "मगच फाटक उघडेन."

"अरे, ही पोर रांगायच्या वयात कांचनजंगावरून फळीवर बसून उतरलीय!" मी सांगितलं. "वाटेत दोन याकांना मागे टाकलं तिने."

"आबा, सकाळपासूनचं तुमचं हे चौथं खोटं," खडूस शांतपणे म्हणाला.

झालं, सराव सुरू झाला. ओवी इचलकरंजीच्या शाळेतली कबड्डीपटू. 'तळवे जमिनीला चिकटव, कोणी हलवणार नाही,' हे सरांचं शिकवणं तिच्या हाडीमासी मुरलेलं. तिने फळी उतारावर आडवी धरली, तोंड खालच्या दिशेला केलं आणि तळवे दाबून सपाट टेकवले. फळी सुर्रकन निघाली, तिची खालची कड बर्फात रुतली आणि ओवी नाकावर आपटली. असं सात वेळा झालं.

"ही फळीच फितूर आहे!" ती रडवेली होऊन म्हणाली.

मी तिला खोलीत नेलं आणि थालीपीठ लावलं. बोलण्याच्या नादात ते तव्याला धरलं. ओवीने रागारागाने उलथनं उचललं आणि खरवडायला लागली.

"थांब," मी म्हणालो. "उलथनं तिरपं का धरलंस? सपाट ठेव की."

"सपाट ठेवलं तर वरून नुसतं घसरेल ना, आबा! कड लावली की..." ती बोलता बोलता थांबली. तव्याकडे बघत राहिली.

"बोल, बोल."

"कड लावली की धरतं."

"बघ, तुझं वजन तेवढंच राहतं. फळी सपाट असली की ते पूर्ण तळावर पसरतं, म्हणून दाब (एक चौरस सेंटीमीटर जागेवर पडणारा जोर) कमी. फळी तिरपी केली की तेच वजन पोलादी कडेच्या बारीक रेघेवर येतं. दाब वाढतो, कड बर्फात चर कापते आणि चराची भिंत तुला अडवून धरते."

"मग मी नाकावर का पडत होते?"

"खालची कड रुतली की फळी थांबते. तुझं अंग मात्र जडत्वामुळे (चालू गती तशीच ठेवायच्या स्वभावामुळे) पुढे जातं. म्हणून कायम डोंगराकडची कड लावायची. तोंड खाली असताना ती टाचांकडची."

"आणि ती लावायची कशी?"

"गुडघे वाकव, ते कबड्डीचंच आहे. आणि बुटातल्या बुटात पायाची बोटं वर उचल."

ती धावतच बाहेर गेली. बोटं वर उचलली तशी फळी खरवडल्यासारखा आवाज करत थांबली. बोटं जराशी सैल सोडली तर हळूहळू आडवी घसरू लागली. पुन्हा उचलली, पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा निशाणापाशी ती थांबली आणि खडूसने फाटक उघडलं.

ओवी पुढे, आणि मी खडूसच्या पाठीवर. तळावर पोचलो तेव्हा चार वाजायला दहा मिनिटं उरली होती. ओवी आईच्या पुढ्यात, हातभर अंतरावर येऊन थांबली. मग तिने फळी सोडली आणि जी मिठी मारली, तिचं वर्णन मी करत नाही. मलाही काही गोष्टी वाढवून सांगता येत नाहीत.

"कसं थांबलीस गं?" आईने डोळे पुसत विचारलं.

"तू चढ फळीवर. तिकडे बर्फच बर्फ आहे ना?"

उरलेली मिनिटं आई टेकाडावर धडपडत होती आणि ओवी तिचे दोन्ही हात धरून सांगत होती, "बोटं वर, आई. बोटं वर." शेवटी एकदाची आई थांबली. दोघी खो खो हसल्या, आणि विमानाचं बोलावणं आलं.

विमान ढगात दिसेनासं होईपर्यंत ओवी वर बघत होती. मग नाक पुसून खडूसकडे वळली.

"बोटांकडची कड कधी शिकवतोस रे? आपल्याकडे चौदा महिने आहेत."