महिन्याचा पहिला शनिवार

"बाइंडिंगचं दुकान हेच ना?"

तिने मान वर केली. दारातल्या तरुणाच्या केसांतून पाणी निथळत होतं, पण शर्टाआड जपून धरलेला जाडजूड शब्दकोश मात्र कोरडा ठाक होता.

"हेच. बाहेर पाटी आहे की!" खळीने माखलेले हात पुसत ती म्हणाली.

"पाटी दिसली. पण आधी इंटरनेटवरच्या पत्त्यावर गेलो होतो. तिथे आता केस कापतात. मला खुर्चीत बसवलंसुद्धा त्यांनी!"

ती खळखळून हसली... मग तो जुना पत्ता तिला खटकला. दुकान इथे हलवल्याला दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून गिऱ्हाईक रोडावलं होतं. पुस्तकं शिवून घेणारी माणसंच संपली, असं बाबा म्हणायचे. पुस्तकं दाबायचा शिकंजा विकायची भाषाही सुरू झाली होती.

"पण नवी वेबसाइट आहे आमची," ती म्हणाली.

वेबसाइट तपासणं हाच त्याचा धंदा निघाला. स्टुलावर बसून त्याने लॅपटॉप उघडला.

"कोणी बनवली?"

"आतेभावाने. हौसेने."

"हौस दांडगी आहे! पण काम चालू असताना 'इकडे फिरकू नका' अशी एक ओळ त्यांनी सर्च इंजिनसाठी लिहिली होती. ती काढायची राहून गेली. त्यामुळे शोधणाऱ्याला जुनाच पत्ता दिसतो."

"म्हणजे लोक आम्हाला विसरले नव्हते?"

"शोधत होते. तुम्ही सापडत नव्हतात."

आत शिकंजा आवळणारे बाबांचे हात थबकले. त्या रात्री ते दोन घास जास्त जेवले.

शब्दकोश आठवड्यात तयार झाला. तरी तो तरुण दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी येत राहिला.

"एकदा दुरुस्त झालं ना? मग पुन्हा कशाला?" तिने मुद्दाम विचारलं.

"झाडलेल्या घरातही धूळ बसतेच. लिंक तुटतात, फोटो जड होतात, पानं रेंगाळतात..."

"आणि तपासणारे?"

"तेही रेंगाळतात," तो पडद्यावरची नजर न हलवता म्हणाला. कान मात्र लाल झाले होते.

ती बघत राहायची. एकही पान तो वगळत नसे. बाबा शिवणीचा टाका न् टाका तपासायचे, अगदी तसं. वेबसाइटवर पुस्तकांच्या फोटोंखाली तिने 'फोटो एक', 'फोटो दोन' असं लिहून ठेवलं होतं. तो प्रत्येक फोटो घेऊन बाबांपाशी बसला. कोणाशी फारसं न बोलणारे बाबा त्याला सांगत सुटले... ही एका नर्सची रोजनिशी, हिचा कणा तीनदा बदलला. तो ते बाबांच्याच शब्दांत टिपून घेत होता. असा माणूस... तिच्या मनात आलं. पुढचं वाक्य तिने पुरं होऊ दिलं नाही.

हळूहळू दाराची घंटी वाजू लागली. शिकंजा विकायचा विषय बंद झाला.

सातव्या शनिवारी तो आला, लॅपटॉप उघडला आणि तीच ती पानं पुन्हा पुन्हा उघडून पाहू लागला.

"काय झालं?"

"काहीच सापडत नाही. तुटलेल्या लिंक नाहीत, पानं झटपट उघडतायत... कोणी केलं?"

"मी. तुमचं बघून बघून शिकले. काल दिवसभर बसले होते."

"छान केलंत... अगदी उत्तम." त्याचा चेहरा मात्र पडला. "म्हणजे आता माझं इथे काही काम–"

"ऐकून तर घ्या!" तिच्या हातातली सुई उगाचच दोऱ्याशी झटापट करत होती. "तुम्ही येता आणि दोन तास त्या पडद्याकडे बघत बसता. म्हटलं, एकदा तरी... माझ्याकडे बघायला वेळ मिळावा."

तो बघतच राहिला. मग त्याने हळूच लॅपटॉप मिटला.

"सहा महिने तेच तर टाळत होतो," तो म्हणाला. "तुझ्याकडे बघितलं असतं, तर एकही चूक सापडली नसती मला."

'तुझ्याकडे.' तिने तो शब्द मनात पुन्हा एकदा ऐकला.

"झालं का रे तपासून?" आतून बाबांनी विचारलं.

"नाही, काका," तिच्यावरची नजर न काढता तो म्हणाला. "आज वेळ लागेल."