साखळीत जागा

दिवा राहू दे. वारा असा सुटला की वीज जातेच. तू विचारलंस ना, कारखान्यातल्या सगळ्या पोरी नाचायला येतात, मार्युन, तूच का येत नाहीस? सांगते. मध्ये बोलू नकोस.

गेल्या फेब्रुवारीत बेइन्ता आत्याने मला मटण आणायला पाठवलं, तिथून हे सुरू होतं. साधं काम. घरामागच्या फळ्यांच्या खोपटात जायचं, वाळत टांगलेली मेंढीची एक मांडी काढायची आणि गावाच्या हॉलवर पोचवायची. नाचाच्या संध्याकाळी प्रत्येक घराने काहीतरी द्यायचं असतं. आमच्या घराने वर्षभर काही दिलं नव्हतं.

"वर्ष झालं," आत्या म्हणाली. "आज तिला नाचायला न्यायचंच."

"कुणी ठरवलं?"

"पाद्रीबाबा म्हणाले. गावातही सगळे तेच म्हणतात."

"गावात सगळे म्हणतात की तुझ्या कॉफीला फडक्याचा वास येतो. ते ऐकतेस का?"

"शहरात, तोर्शाव्हनला शाळा सोडलीस तेव्हा लाजही तिथेच ठेवून आलीस वाटतं. जा. मोठी मांडी बघून आण."

'ती' म्हणजे माझी आई. आणि वर्ष झालं होतं माझ्या भावाला. होग्नी मासेमारीला गेला, बोट परत आली, होग्नी नाही आला. लाटेने नेला म्हणाले. प्रेत मिळालं नाही. पाद्रीबाबांनी शवपेटीशिवायच प्रार्थना म्हटली आणि नंतर केक दोनदा मागून घेतला. बाप आधीच डेन्मार्कला पळालेला. त्याने फुलं पाठवली. कार्डावर नाव चुकीचं होतं, हे सांगायची गरज नाही, पण सांगते.

मी रडले नाही. दात काढण्याआधी हिरडी बधिर करतात ना, तसं. तिथे काहीतरी चाललंय एवढं कळतं, बाकी काही नाही. आईचं तर बोलायलाच नको. ती बटाटे सोलायची, सोललेले पुन्हा सोलायची. त्या हिवाळ्यात शेजाऱ्यांनी तिला दोनदा धक्क्यावरून घरी आणलं. घरातल्या चपला घालून ती अगदी कडेला उभी होती. "काय करत होतीस गं?" विचारलं तर म्हणाली, "त्याला वर यायला हात लागेल ना." तेव्हापासून मी दाराला लागून झोपायची. माझी एकच काळजी होती, आई तिसऱ्यांदा जाईल आणि तेव्हा धक्क्यावर कुणी नसेल. आत्याला, पाद्रीबाबांना, गावाला वाटायचं की यावर उपाय म्हणजे नाच. म्हाताऱ्यांना सगळ्यावर नाहीतर प्रार्थना सुचते, नाहीतर नाच.

मी मांडी घेऊन आले तर आई बूट घालून बसली होती. तिला बसवलं म्हणून बसली होती.

हॉलमध्ये ओल्या लोकरीचा वास, कॉफीचा वास, मटणाचा तो जुना, जड वास. वाद्य नसतं आमच्या बेटांवरच्या नाचाला, ते तुला ठाऊक आहे. सामल आजोबा गाणं उचलतात, बाकीचे ध्रुवपद धरतात, आणि ताल पायांचा. दोन पावलं डावीकडे, एक मागे. फळ्यांची जमीन खालून पोकळ आहे, त्यामुळे शंभर पायांचा आवाज पोटात शिरतो.

सगळे हातात हात धरून एकच लांब साखळी करतात, आणि साखळीचा नियम एकच. कुणीही, कधीही, कुठेही येऊन दोघांच्या मध्ये हात घालू शकतं. आपण जागा द्यायची. कोण आहे ते बघत बसायचं नाही, आणि हात झटकायचा तर नाहीच.

माझ्या डाव्या हातात आईचा हात होता. लाकडाचा चमचा धरल्यासारखा. ती पावलं टाकत होती, पण नाचत नव्हती. गाण्यात कुणी राजाचा मुलगा समुद्रापलीकडे बायको आणायला निघाला होता. असली गाणी तासभर संपत नाहीत. मला काहीच वाटत नव्हतं. मी पुढच्याच्या स्वेटरची वीण बघत होते.

तेवढ्यात आईचा हात सुटला आणि त्या जागी दुसरा हात आला.

कुणीतरी उशिरा आलं असेल म्हणून मी सरकले. हात गार होता. बाहेरून येणाऱ्या सगळ्यांचे गार असतात. मग मनगटावरून पाणी ओघळून माझ्या बाहीत शिरलं. बाहेर पाऊस नव्हता, कोरडी थंडी होती. आणि वास आला. खडकावर कुजत पडलेल्या समुद्री गवताचा.

साखळी लांब झाली की दुमडते. अर्धे लोक उरलेल्या अर्ध्यांच्या तोंडासमोरून सरकत जातात. त्या नाचात खोलीतलं प्रत्येक तोंड एकदा तुझ्यासमोर येतं. दिसत नाही ते फक्त ज्याचा हात धरलाय त्याचं. बेइन्ता आत्या माझ्यासमोर आली. माझ्याकडे बघून मान हलवली. मग तिची नजर माझ्या डावीकडे गेली आणि लगेच जमिनीकडे वळली. मग अजून थोडी पुढे गेली, आणि तिथे तिचं तोंड उघडंच राहिलं. गाणं तिच्या तोंडातून गळून पडलं. मग ती सरकून गेली.

सामल आजोबा आले. तेही तसंच. आधी डोळे खाली, मग वर, आणि मग ओळखीच्या पोराला करतात तशी मान डोलावली. गाणं थांबवलं नाही. म्हातारा एवढंच करू शकतो, गाणं न थांबवणं.

मी मान वळवणार तोच आत्या पुन्हा समोर आली.

"बघू नकोस," ती ओठ न हलवता म्हणाली.

सरकली. मला पूर्ण फेरी थांबावं लागलं.

"कोण आहे?" मी विचारलं.

"तुला माहीत आहे..."

पुन्हा फेरी. पाय, पाय, पाय. हॉलचं समुद्राकडचं दार वाऱ्याने उघडलं होतं आणि ते कुणीच लावत नव्हतं.

"हात सोडू नकोस, मार्युन. सोडलास तर तो तिला घेऊन जाईल..."

आणि मग मला ऐकू आलं. डावीकडून एक पाऊल जरासं उशिरा पडत होतं. सगळ्यांचं पडून गेलं की मग. होग्नीला जन्मात ताल जमला नाही. नाचताना पोरं त्याला 'प्रतिध्वनी' म्हणायची.

साखळी दाराकडे ओढली जात होती. दर फेरीत थोडी. दारातला अंधार जवळ आला की डावीकडून ताण वाढायचा, खांदा निखळेल इतका. मी बोटं आवळली. त्या हाताची कातडी माझ्या मुठीत जराशी सरकली, सैल मोज्यासारखी. मी तरीही सोडलं नाही. माझ्या डोक्यात होग्नी नव्हता, देव नव्हता. घरातल्या चपला घालून कडेला उभी असलेली आई होती. ने बघू, मी मनात म्हटलं. ने बघू कशी नेतोस.

आणि त्यात आई हसली.

वर्षभरात पहिल्यांदा. शिंक आल्यासारखी सुरुवात झाली आणि मग ती थांबेचना. होग्नीचं पाऊल चुकलं की ती पूर्वी हसायची तशी. आई मोठ्याने ध्रुवपद म्हणू लागली, पाय आपटू लागली. तो आवाज माझ्या अंगात शिरला, आणि बधिर हिरडी जागी होते तसं माझं सगळं जागं झालं, ठणकत. मला वाटलं मी आता रडेन. पण मी हसले. घाम फुटेपर्यंत नाचले. माझ्या मुठीतला तो हात ऊबदार होत गेला. राजाच्या मुलाला बायको मिळाली, लग्न लागलं, आणि सामल आजोबांनी श्वास न घेता पहिल्या कडव्यापासून पुन्हा सुरुवात केली. कुणी तक्रार केली नाही. सगळ्या म्हाताऱ्यांना माहीत होतं. त्यांना नेहमी सगळं माहीत असतं, सांगत मात्र नाहीत.

शेवटी सामल आजोबांचा आवाजच बसला. गाणं थांबलं. माझ्या हातातला हात, सुटला असंही म्हणता येणार नाही, नुसता नव्हता. मी वळून पाहिलं. दोन माणसं मावतील एवढ्या अंतरावर आई उभी होती. गाल लाल, केस सुटलेले. आत्याने जाऊन दार लावलं आणि त्याला पाठ टेकून खालीच बसली.

"मटण कुणी आणलंय?" आई म्हणाली. "भूक लागली मला."

तिने तीन तुकडे खाल्ले. पाद्रीबाबांना म्हणाली की तुमचं पोट बघून वाटतं दुःख तुम्हीच केलंत आमच्यातर्फे. सगळे हसले. काळ हे औषध आहे, पाद्रीबाबा म्हणाले. ती जिवंत होती. मी तिला धरून ठेवलं होतं. मला एवढंच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई चुलीपाशी गुणगुणत होती. बटाटे एकदाच सोलले होते. मला कॉफी दिली. दोन्ही हातांनी धरावी लागली, डावा तळवा अजून भिजल्यासारखा पांढरा, सुरकुतलेला होता.

"होग्नीचा हात किती ऊबदार होता गं," ती म्हणाली, बाजारात भेटलेल्या माणसाबद्दल सांगावं तशी. "म्हणाला, आता धक्क्यावर येऊ नकोस, मी बरा आहे. निरोप घ्यायलाच आला होता पोरगा."

"तो तुला ओढत नव्हता? दाराकडे?"

"तो? छे. तो तर मला आत ओढत होता. ओढ पलीकडून होती, तुझ्या बाजूने." तिने पाव कापला. "जरा रुसलाच होता. म्हणाला, मार्युनचा हात धरायचा होता, पण मध्ये ती घुसली."

"कोण ती?"

"मला काय ठाऊक? मला वाटलं तुझी मैत्रीण असेल, शहरातली." आईने जॅमची बरणी माझ्याकडे सरकवली आणि माझ्याकडे बघून छान हसली. "तू तिचा हात सोडायलाच तयार नव्हतीस. दोघी किती हसत होतात."