जिन्यावरची धाप

गॅलरीतला दिवा घालव, डास येतात. हां, बसा आता दोघं इथे. तर तुला घर मिळालं म्हणतेस. ऑफिस चालत गाठता येतं, भाडंही परवडतं. चांगलं झालं. पण एक ऐकून ठेव. घाबरवायला सांगत नाहीये, माझ्या ओळखीच्या माणसाचं आहे म्हणून सांगतो.

आमच्या लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर एक जण बसायचा. आम्ही कवळ्या बनवायचो. त्याचा हात इतका साफ, की सगळे त्याला दातवालाच म्हणत. स्वतः मात्र क्वचित हसायचा. आईवडील गेलेले, एक बहीण होती ती लांब. दोन बस बदलून कामावर येण्याचा त्याला वीट आला होता. एका शनिवारी दुपारी मला म्हणाला, "जागा बघायला जातोय, चल."

लॅबपासून पायी दहा मिनिटं. रस्त्याला झाडं, कोपऱ्यावर पाववाला, पुढे लाँड्री, औषधांचं दुकान, वाचनालय. जुनी तीन मजली इमारत. जिन्याचा कठडा हात फिरून फिरून गुळगुळीत झालेला. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, भरपूर उजेड. भाडं ऐकून मला वाटलं, माझ्याच कानांचा घोटाळा झालाय.

मालकीणबाई सरळ होत्या. म्हणाल्या, "आधी इथे एक बाई राहायच्या, एकट्या. जिना चढून आल्या की दाराशी उभ्या राहून धाप टाकायच्या. झोपेतच गेल्या. चार-पाच दिवस कुणाला पत्ताच नाही. हे ऐकलं की लोक आल्या पावली परत जातात. पण लपवून कशाला ठेवू?"

"माणूस कुठेतरी मरणारच की," दातवाला म्हणाला. त्याच संध्याकाळी त्याने सामान आणलं.

घराबद्दल तक्रार नव्हती. पण एकदा डबा खाता खाता म्हणाला, "तो पाववाला मला ओळखतो. म्हणजे मला कुठला पाव लागतो ते ओळखतो. नाव अजून कुणी विचारलेलं नाही. सुट्टीच्या दिवशी अख्ख्या रस्त्यावर फिरून येतो, आणि घरी आल्यावर लक्षात येतं, आज आपण तोंडच उघडलेलं नाही."

मी म्हटलं, "लग्न कर." त्याने डबा बंद केला.

मग त्याला ते ऐकू यायला लागलं. रात्री जेवून भांडी घासत असला की जिन्यावर पावलं वाजायची. सावकाश. वर यायची, त्याच्या दाराशी थांबायची. मग धाप. तिथून ती ना वर जायची, ना खाली. पहिल्यांदा त्याने दार उघडून पाहिलं. कुणी नव्हतं. नंतर उघडायचं सोडून दिलं. आणि पुढे काय झालं ठाऊक आहे? त्याला सवय झाली. यायला उशीर झाला तर तो नळ बंद करून कान देऊन उभा राहायचा.

नोव्हेंबरातला दुसरा गुरुवार. सकाळपासून तापाने फणफणलेला. कामावर आला नाही. आम्हाला वाटलं, गेला असेल बहिणीकडे. रात्री दाराला आतून कडी, फोन बाहेरच्या खोलीत, आणि हा पलंगावर. उठायचं त्राण नाही.

पावलं आली.

थांबली.

धाप...

तापाच्या भरात म्हण, नाहीतर आणखी काही म्हण. तो बोलला. "या ना आत. दमला असाल."

धाप बंद झाली.

बराच वेळ काहीच नाही.

मग पुन्हा ऐकू आली... दाराच्या अलीकडे.

त्याचं तोंड भिंतीकडे. वळायची छाती होईना. खुर्ची सरकली. पलंगाजवळ आली. कुणीतरी बसलं. श्वास हळूहळू शांत होत गेला. मग कपाळावर हात आला.

गार.

मला सांगताना काय म्हणाला, ऐक. "ओरडणार होतो रे. पण वाटलं, ओरडलो तर उठून जाईल."

पहाटे तळमजल्यावर राहणाऱ्या नर्सचं दार वाजलं. उघडलं तर बाहेर कुणी नाही. वरच्या पायऱ्यांवर मात्र कुणीतरी धापा टाकत चढत होतं. म्हातारं कुणी चक्कर येऊन पडायला नको, म्हणून ती मागोमाग गेली. दुसऱ्या मजल्यावर आवाज थांबला. समोर दातवाल्याचं दार सताड उघडं. आत हा बेशुद्ध. न्यूमोनिया. डॉक्टर म्हणाले, सकाळ उजाडेपर्यंत राहिला असता तर हातचा गेला असता.

शुद्धीवर आला तेव्हा नर्स उशाशी होती. तिने पहिलं काय विचारलं असेल? "नाव काय तुमचं?"

"मामा, मग त्यांनी ती जागा सोडली?"

नाही गं. अजून तिथेच आहे. पावलं मात्र परत आली नाहीत. कित्येक महिने तो भांडी घासता घासता नळ बंद करून ऐकत राहायचा.

मी त्याला हॉस्पिटलात भेटायला गेलो होतो. काळेभोर केस त्याचे, बत्तीस वर्षांचा माणूस. उशीवर डोकं टेकलेलं. आणि कपाळाच्या वर, केस सुरू होतात ना तिथे... चार पांढरे पट्टे. शेजारी शेजारी. एकेक बोटाएवढा.

न्हाव्याने दोनदा रंग लावून पाहिला. धरत नाही.