पहिल्या चौघांची टाकी

टाकीत पाणी नेमकं किती आहे? त्या सकाळी चंद्रावरच्या अरुंधती तळावर बाराही जणांच्या तोंडी हा एकच प्रश्न होता.

वापरलेलं पाणी पुन्हा शुद्ध करणारं यंत्र बंद पडलं होतं. त्याचा नवा भाग घेऊन येणारं यान सोळा दिवसांनी पोहोचणार होतं. तोवर आधार होता तो एका जुन्या टाकीचा. तीस वर्षांपूर्वी इथे पहिल्यांदा राहून गेलेल्या चौघांनी परतताना ती मागे ठेवली होती. पण पाण्याची पातळी दाखवणारा तिचा काटा केव्हाच निकामी झाला होता.

"पाणी किती आहे ते कळेपर्यंत बागेला थेंबभरही मिळणार नाही," तळप्रमुख फातिमाताई म्हणाल्या. "आधी माणसं."

अकरा वर्षांच्या शाल्मलीने मान खाली घातली. बागेतली मेथी, पालक आणि टोमॅटो तिने सहा महिने जपले होते. तळावर ताजं अन्न एवढंच होतं.

तिचे आजोबा, डॉ. केशव सोनटक्के, चंद्रावरच्या खडकांचे अभ्यासक होते. ते हळूच म्हणाले, "मग मोजूया की. टेप आण. माझे हात थरथरतात, तेव्हा मोजणार तू."

टाकी गोल, उभी आणि शाल्मलीहून उंच होती. तिने टाकीभोवती टेप फिरवली. परीघ (वर्तुळाच्या कडेची लांबी) भरला सात मीटर चोपन्न सेंटिमीटर. मग शिडीवर चढून तिने वरचं भलंमोठं झाकण उचललं. चंद्रावर वजन सहाव्या हिश्शाएवढंच भरतं, म्हणून ते तिला एकटीला उचलता आलं. आत सोडलेली पट्टी दीड मीटरपर्यंत ओली झाली.

"आता घनफळ (वस्तूने व्यापलेली जागा) काढायचं," ती म्हणाली. "त्रिज्या गुणिले त्रिज्या गुणिले ३.१४ गुणिले उंची. पाठ आहे मला. पण असं का, ते नाही माहीत."

आजोबांनी डब्यातली एक पोळी काढली आणि तिचे सोळा त्रिकोणी तुकडे केले. एक तुकडा सुलटा, एक उलटा, असे ते शेजारी शेजारी मांडले. गोल पोळीचा जवळजवळ आयत झाला.

"याची उंची किती?"

"मध्यापासून कडेपर्यंत. म्हणजे त्रिज्या."

"आणि लांबी?"

शाल्मलीने बोट फिरवून पाहिलं. अर्धी कड वर होती, अर्धी खाली. "अर्धा परीघ. परीघ व्यासाच्या ३.१४ पट असतो, म्हणून अर्धा परीघ त्रिज्येच्या ३.१४ पट." ती थांबली. "आयताचं क्षेत्रफळ लांबी गुणिले उंची. म्हणजे ३.१४ गुणिले त्रिज्या गुणिले त्रिज्या."

"हे झालं एका पोळीचं. आता डब्यात पोळ्यांची चळत रचली तर?"

"जितकी उंच चळत, तितक्या पट जागा."

"म्हणूनच या आकाराला वृत्तचिती म्हणतात. वृत्त म्हणजे वर्तुळ, चिती म्हणजे रचलेली रास."

शाल्मलीने भराभर आकडे मांडले. परिघाला ३.१४ ने भागून व्यास आला २.४ मीटर, त्रिज्या १.२. घनफळ पावणेसात घनमीटरांच्या थोडं वर गेलं. एका घनमीटरात हजार लिटर. "सहा हजार सातशे ब्याऐंशी लिटर आहेत, आजोबा. रोज आंघोळसुद्धा करता येईल."

आजोबा हसले नाहीत. "टेप कुठून फिरवलीस?"

"बाहेरून."

"आणि पाणी कुठे आहे?"

ती पुन्हा शिडी चढली. टाकीची भिंत वीस सेंटिमीटर जाड होती. आतला व्यास भरला दोनच मीटर, म्हणजे त्रिज्या एक. तिने सगळं नव्याने मांडलं. एक गुणिले एक गुणिले ३.१४ गुणिले दीड. चार हजार सातशे दहा लिटर.

तिने दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडून पाहिले. पहिला आकडा सोळा दिवसांत सारखा वाटून पाणी वापरलं असतं, तर बाराव्या दिवशी टाकी कोरडी पडली असती.

तिने चुकीसकट सगळं फातिमाताईंना सांगितलं. त्यांनी स्वतः हिशेब तपासला. माणशी वीस लिटर, बारा माणसांचे दोनशे चाळीस. बागेचे पन्नास धरले तर रोजचे दोनशे नव्वद.

"सोळा दिवस पुरतं," त्या म्हणाल्या. "तुझ्या बागेसकट."

त्या दिवशी मेथीच्या वाफ्याला पाणी घालताना शाल्मलीने आजोबांना विचारलं, "ते चौघे कसे होते?"

"मी कधी भेटलो नाही त्यांना. दक्षिणेकडच्या विवरातलं बर्फ खणून, वितळवून त्यांनी दोन वर्षांत ही टाकी भरली. जाताना रिकामी केली असती तरी कुणी काही म्हणालं नसतं."

शाल्मलीने उरलेलं पाणी थेंबही न सांडता मुळाशी ओतलं. तिच्या जन्माच्या कितीतरी आधी कुणीतरी तिच्या वाट्याचं पाणी भरून ठेवलं होतं.

सोळाव्या दिवशी यान उतरलं, तेव्हा टाकीच्या तळाशी दोनेक सेंटिमीटर पाणी उरलं होतं. यंत्र सुरू झालं, आता बर्फाचं धुळकट पाणीही शुद्ध करता येणार होतं. फातिमाताईंनी विवरातलं बर्फ आणायला गाडी पाठवली, आणि त्याचं पहिलं पाणी जुन्या टाकीतच ओतलं गेलं.

शाल्मलीने रंगाचा डबा घेतला आणि टाकीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'आतली त्रिज्या एक मीटर. पट्टी जेवढे सेंटिमीटर ओली होईल, तेवढ्या वेळा ३१.४ लिटर.' खाली तिने आधी त्या चौघांची नावं लिहिली. मग थोडी जागा सोडून आपलं.