कर्ज मंजूर होईपर्यंत भेटायचं नाही

बँकेने गुरुवार सांगितला होता, आणि तो बुधवारीच येऊन उभा राहिला. बाहेर भुरभुर पाऊस, हातात ओली छत्री, गळ्यात ओळखपत्र. दार उघडंच होतं. माझी लेक स्टुलावर चढून पडदा लावत होती, तोंडात सहा टाचण्या.

"घराची मोजणी करायला आलोय. येऊ ना?"

"हं."

"कर्जासाठी... बँकेने पाठवलंय."

"हं हं."

त्याला वाटलं, पोरीला बोलता येत नाही. बिचारा हातवारे करून समजवायला लागला. हे घर, ही लांबी, ही रुंदी, हा कागद! लेकीने एकेक टाचणी काढून मनगटावरच्या छोट्या उशीत खोचली आणि म्हणाली, "मोजणी करता की नाच शिकवता?"

तो जो लाल झाला... मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. म्हटलं, चला, याला लाज तरी आहे.

आता तो का आला, ते सांगते. लेक पडदे शिवते. हात असा, की शिवण शोधावी लागते. एका हॉटेलवाल्याने चाळीस खोल्यांचे पडदे सांगितले, पिवळेधमक. हिने आगाऊ पैसे न घेता तीन क्रेडिट कार्डांवर कापड उचललं. पडदे तयार झाले आणि हॉटेलवाला गाशा गुंडाळून पसार! राहिलं काय? अडीच लाखांचं देणं, महिन्याला साडेतीन टक्के व्याज, आणि घरभर पिवळेधमक पडदे.

घरावरचं जुनं कर्जही अजून फिटायचं होतं. दुसरी बँक म्हणाली, ते आम्ही फेडतो, वर जास्तीचे पैसे देतो, त्यातून कार्डं मिटवा. एकच हप्ता, व्याज कमी. फक्त घराची किंमत तेवढी भरली पाहिजे. मला धास्तीच होती. हे घर मी लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून करून उभं केलंय. ते पुन्हा गहाण टाकायचं, आणि हप्ते चुकले तर?

"घर गेलं तर तुझ्या पडद्यांचा तंबू ठोकून राहायचं का गं?" मी विचारलं. एरवी खळखळून हसणारी पोर, त्या दिवशी हसली नाही. मग मी अर्जावर सह्या केल्या.

मोजणीवाल्याकडे डबीएवढं यंत्र होतं. भिंतीवर लाल ठिपका पडायचा आणि आकडा यायचा. एकदा तो ठिपका लेकीच्या खांद्यावर पडला.

"दोन मीटर दहा," तो म्हणाला.

"एवढीच खोली?"

"नाही... तुम्ही मध्ये आलात. हे तुमच्यापर्यंतचं अंतर."

"मग लिहून घ्या. आणि तेवढंच ठेवा."

पण गालावर खळी पडली होती. मला दिसली. त्यालाही दिसली असणार, कारण तीच खोली त्याने तीनदा मोजली.

शेवटी तो खिडक्या मोजत मागच्या खोलीत आला. तिसरा पडदा सर्रकन ओढला, तर मागे खिडकी नव्हतीच. ओल आलेली भिंत होती, काळपट, पोपडे निघालेली. तो उद्योग माझा. पडदे पडूनच होते, म्हटलं झाकावी.

"मावशी, ही खिडकी कुठे उघडते?" अगदी गंभीर चेहरा.

"मावशी कुणाला म्हणतोस? आणि घरालाही अब्रू असते, ती झाकायची असते."

"आई!" लेक ओरडली. मग त्याच्याकडे वळली. "ओल आहे. दरवर्षी येते. लिहा."

"लिहिलं तर किंमत कमी होईल..."

"होऊ दे. खोटं सांगून घेतलेलं कर्ज मला पचणार नाही."

तो तिच्याकडे बघतच राहिला. बाहेर पाऊस वाढला होता, आणि यंत्राचा लाल ठिपका कधीचा माझ्या पायावर येऊन बसला होता, हे दोघांच्याही गावी नव्हतं.

पाच दिवसांनी बँकेतून फोन. मोजणीवाल्याने फाइल परत केली. आता दुसरा माणूस येणार, आणखी पंधरा दिवस लागणार. मला वाटलं, माझ्या पडद्यानेच घात केला. लेकीने तडक चपला घातल्या. मीही निघाले. तिच्या जिभेवर माझा भरवसा आहे, पण सोबत कुणी असलेलं बरं.

त्याच्या ऑफिसात शिरलो, तर आम्हाला बघून तो असा उठला, की खुर्चीच मागे पडली.

"ओलीमुळे?" लेकीने विचारलं.

"नाही."

"मग?"

त्याने एक छापील कागद पुढे सरकवला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. लेकीने मोठ्याने वाचलं, "या घराशी किंवा घरमालकाच्या कुटुंबाशी माझा कोणताही हितसंबंध नाही."

"यावर सही करायची असते," तो म्हणाला. "पेन उचललं... नाही करता आली."

"आपला कसला संबंध?"

"अजून नाही. पण... व्हावा असं वाटतं. मग खोटं कसं लिहू? तुम्हीच तर म्हणालात, आहे ते लिहा."

लेकीचे कान तांबडे झाले. आवाज मात्र कडक.

"पंधरा दिवसांचं व्याज किती होतं, कळतं का?"

"चार हजार तीनशे. काढलंय मी. मीच भरतो."

"अजिबात नाही! लोक म्हणतील, मोजणीवाल्याला हाताशी धरून कर्ज काढलं. मंजूर होईपर्यंत भेटायचं नाही. फोन नाही. आमच्या गल्लीतून जायचंसुद्धा नाही."

"आणि मंजूर झाल्यावर?"

"झाल्यावर..." ती दारापाशी थांबली. "नंबर आहे माझ्याकडे."

ते पंधरा दिवस विचारू नका! एका गिऱ्हाइकाच्या पडद्याला तिने वरून-खालून दोन्हीकडे झालर लावली. दाराशी कुणी आलं की आधी केस सारखे, मग कडी.

"कुणाची वाट बघतेस गं?"

"बँकेची."

"बँकेसाठी कुणी काजळ घालत नाही, बाई."

नवा मोजणीवाला वयस्कर, दम लागलेला. मागच्या खोलीतला पडदा लेकीने स्वतःच बाजूला सारला. त्याने ओल लिहिली, किंमत थोडी कापली, तरी पुरली! मंजुरी आली, पैसे आले, तिन्ही कार्डांची बाकी शून्य झाली. लेकीने घरातल्या मोठ्या कात्रीने कार्डं कापली, कापड कापावं तशी, सरळ रेषेत. आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

मग फोन लावला. "झालं," एवढंच म्हणाली.

त्याचं ऑफिस अर्ध्या तासावर. अकराव्या मिनिटाला तो दारात, धापा टाकत.

"आधी ऐका," लेक म्हणाली. "माझ्या डोक्यावर नऊ वर्षांचं कर्ज आहे. घर गहाण आहे. आई तिखट आहे."

"माझे स्कूटरचे पाच हप्ते राहिलेत. आणि तिखटाची..." त्याने चोरून माझ्याकडे बघितलं, "तिखटाची सवय करून घेईन."

"नऊ वर्षं म्हणजे थोडीथोडकी नाहीत."

"मला कमीच वाटतायत. मुदत वाढवून मिळेल?"

लेक खळखळून हसली. मग... ती पदराचं टोक पिरगाळतेय, तो ओळखपत्राची दोरी.

घरात लिटरभर दूध होतं. तरी मी पिशवी उचलली. "दूध संपलंय गं," म्हटलं, आणि चांगली लांबच्या दुकानाची वाट धरली.