सोपा आलेला प्रश्न

सतराव्या प्रश्नाचं उत्तर देऊन रंजना खरातने पडद्याकडे पाहिलं आणि ती चपापली. अठरावा प्रश्न अगदीच सोपा होता.

बारा वर्षं तालुक्याच्या दवाखान्यात परिचारिका असलेली रंजना वरच्या शिक्षणासाठी ही प्रवेश परीक्षा देत होती. परीक्षा उमेदवाराला जोखत पुढे सरके. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा. आणि अवघड प्रश्न पेलले तरच गुण वर चढत. मागे फिरायची सोय नव्हती. साठ मिनिटांत चाळीस प्रश्न, राहिलेल्यांचे गुण कापले जाणार. म्हणून प्रत्येकाला दीड मिनिट, असं तिने ठरवून ठेवलं होतं.

सतरावा प्रश्न बाळाच्या औषधाच्या मात्रेचा होता. ते गणित ती रोज करायची. उत्तर चटकन आलं. सवयीने तिने ते पुन्हा ताडून पाहिलं, मगच बटण दाबलं. वेळही उरला होता. मग चुकलं कुठे?

पुन्हा ताडून पाहिलं म्हणून तर नाही? विसाव्याला तिने मुद्दाम, उत्तर ठाऊक असूनही पर्यायांवरून दोनदा नजर फिरवली. एकविसावा सोपा आला. त्याचं बटण पाहताक्षणी दाबलं. बाविसावा अवघड!

पडद्याच्या कडेला नजर टिपणारं भिंग होतं. कॉपी रोखायला, असं सांगितलं होतं.

वेळ संपताच ती पर्यवेक्षक डोईफोडेंच्या टेबलाशी गेली. "सर, हे यंत्र उत्तर तपासतंय की माझे डोळे?"

निवृत्त शिक्षक असलेल्या डोईफोडेंनी आधी दाराकडे पाहिलं. "दोन्ही. परीक्षा घेणारे आता म्हणतात, जो थांबतो त्याला खात्री नसते."

"अहो, औषध आहे ते! दोनदा न बघणाऱ्या मुलींना मी वॉर्डात झापते."

"त्याच पुढे चालल्यात, ताई."

हा माणूस एवढं मोकळं का बोलतोय? आपल्यालाच तर जोखत नाही ना? तरी तिने आक्षेपाचा अर्ज मागितला आणि उभ्या उभ्या भरला. खाली साक्षीदाराच्या सहीची जागा होती. केंद्रातलाच माणूस हवा होता.

डोईफोडेंनी पेन उघडलं आणि ते कागदावर तसंच धरून राहिले.

"सही केली तर मला काढतील, त्याचं काही नाही," ते म्हणाले. "पण मी गेलो की माझ्या जागीही यंत्रच बसवतील. मग पुढच्या वेळी हा अर्ज मागायला तुम्ही कोणाकडे याल?"